हातांना शिकवणाऱ्या पंडिता रमाबाई

एप्रिल महिना आला की पंडिता रमाबाईंची आठवण दोनदा येते. २३ एप्रिल १८५८ हा त्यांचा जन्मदिवस आणि ५ एप्रिल १९२२ हा त्यांचा स्मृतिदिन. पाठ्यपुस्तकात त्यांच्याविषयी चार ओळी असतात. संस्कृतच्या विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदन आणि मुक्ती सदन यांच्या संस्थापिका. परीक्षेत तेवढे लिहिले की गुण मिळतात. पण रमाबाईंच्या शाळेत मुली दिवसभर करायच्या काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आम्हाला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, म्हणून यंदा त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगण्याचे योजले आहे.

वेताच्या पेटीतले बालपण

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडच्या चित्पावन घराण्यातले विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याचा तो काळ. शास्त्रीबुवांनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून नाराजी झाली, तेव्हा ते सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे आश्रम करून राहिले. तिथेच रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते ठिकाण सोडले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. बाळ रमेला वेताच्या पेटीत घालून, ती पेटी डोक्यावर घेऊन हे कुटुंब डोंगर उतरले.

पुढची पंधरा-सोळा वर्षे एका गावाहून दुसऱ्या गावी पुराण सांगत जाण्यात गेली. शाळा नव्हती, पाटी नव्हती. आई पहाटे उठून मुलीला जवळ घेई आणि तोंडी पाठ देई. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते असे सांगतात. हे मोठेच. पण त्याची दुसरी बाजूही मुलांनी लक्षात घ्यावी. या कुटुंबाला पुराण सांगण्यापलीकडे पोट भरण्याची कोणतीही विद्या येत नव्हती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. दक्षिणा मिळेना, मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, पुढे बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हजारो श्लोक पाठ असलेल्या त्या मुलीला भूक म्हणजे काय हे असे कळले. पुढे त्यांनी आपल्या शाळेत पुस्तकाच्या जोडीला हातकाम का ठेवले, याचे उत्तर आम्हाला इथे दिसते.

पंडिता, पत्नी, विधवा

भावाबहिणीने पायी देश पालथा घातला आणि १८७८ साली दोघे कोलकात्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. आज हे साधे वाटते. तेव्हा ते ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या.

रंगीत चेंडू आणि लाकडी ठोकळे

१८८३ साली रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होण्याची इच्छा होती, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमले नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि शिकवलेही.

१८८६ साली त्यांच्या आप्त असलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. तो पदवीदान समारंभ पाहण्यासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. थोडे दिवस राहायचे म्हणून गेलेल्या त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. या मुक्कामात त्यांना आवडलेली एक गोष्ट म्हणजे किंडरगार्टन, म्हणजे आपली बालवाडी. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये ही पद्धत सुरू केली होती. लहान मूल ऐकून शिकते त्याहून जास्त हाताळून शिकते, हे तिचे सार. फ्रोबेलने मुलांसाठी खेळण्यांचे संच केले होते. पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसऱ्यात आठ छोट्या घनांचा मिळून एक मोठा घन, तो मोडायचा आणि पुन्हा जुळवायचा. याशिवाय कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम, टोचून चित्र काढणे, भिजवलेल्या वाटाण्यात काड्या खोचून आकार करणे, असे कितीतरी उद्योग.

संस्कृतची ही पंडिता फिलाडेल्फियात किंडरगार्टनच्या प्रशिक्षण वर्गात दाखल झाली आणि चेंडू, ठोकळे व कागदाच्या घड्या शिकली. आम्हाला रमाबाईंच्या साऱ्या पदव्यांपेक्षा हे अधिक मोलाचे वाटते. आईच्या तोंडून पाठांतर करत वाढलेल्या बाईंनी ओळखले, की सर्वच मुलींना तसे शिकवता येणार नाही. जिला कुणी कधी शिकवलेच नाही, तिची सुरुवात हातांपासून करावी लागेल.

अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे शाळेचा खर्च देण्याचे मान्य केले.

शारदा सदन आणि मोठा वाद

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. सुरुवातीला विद्यार्थिनी दोनच. पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातल्या देवरुखच्या गोदूबाई. पुढे १८९३ साली त्यांचा महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे या नावाने प्रसिद्ध झाल्या. एक गंमत मुलांनी टिपून ठेवावी. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ, शारदा सदनाचे उद्घाटन आणि कर्व्यांचा हा विवाह, तिन्ही ११ मार्चला झाले. वर्षे मात्र १८८६, १८८९ आणि १८९३.

केशवपन केलेल्या, घरात कोपऱ्यात बसवलेल्या मुली इथे येऊन लिहू-वाचू लागल्या, बागेत फिरू लागल्या, लहान मुलांना शिकवण्याची पद्धत शिकू लागल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आले.

आणि मग वाद पेटला. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तिथे जाऊन बसू लागल्या. हे स्वातंत्र्य आहे असे रमाबाई म्हणत. हे दिलेल्या शब्दाच्या विरुद्ध आहे असे विरोधक म्हणत. ‘केसरी’तून कडक टीका झाली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

या वादात कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा आम्ही या पानावर करणार नाही. पालकांनी विश्वासाने मूल सोपवलेले असते, तेव्हा त्यांची काळजी खोटी नसते. दुसऱ्या बाजूला, घरी परत नेलेल्या त्या मुलींपैकी कितीजणींच्या हातात पुन्हा पुस्तक आले असेल, हा विचार मनातून जात नाही. आमच्या पेडणे महालात देवळातली आरती आणि इगर्जीची घंटा दोन्ही कानांवर पडतात आणि दोन्हीकडची मुले एका बाकावर बसतात. तेव्हा हा प्रसंग मुलांपासून लपवून रमाबाई सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. मोठ्या माणसांचेही आपसात पटत नाही आणि त्याची किंमत पुष्कळदा लहानांना मोजावी लागते, हे त्यांना कळायला हवे.

केडगावची मुक्ती

बॉस्टनची मदत दहा वर्षांची होती. ती संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा हेतू.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचे आईवडील आठवले. त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, तिथे इतकी माणसे ठेवता येईनात. मग केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून १८९८ मध्ये मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे आपल्याकडचा एक मोठा वाडा नव्हे, अख्खा गाव. त्यांना रोज दोन वेळ जेवू घालायचे, कपडे द्यायचे, शिकवायचे. नोकर ठेवायला पैसा नाही. मग हा सारा गाव मुलींनीच चालवला. दळण, स्वयंपाक, धुणे, शेती, भाजीचा मळा, गाईंचे दूध, तेलाचा घाणा, पाव भाजण्याची भट्टी, भांड्यांना कल्हई, शिवणकाम, हातमागावर लुगडी विणणे, इतकेच नव्हे तर गवंडीकामातही मुली होत्या. सदनातले मोठे दगडी प्रार्थनामंदिर उभे राहताना त्यांचे हात लागले होते. दिवसाचा काही भाग शाळा, काही भाग काम. लहानग्यांसाठी किंडरगार्टन होते आणि मोठ्या मुलींना त्याच पद्धतीने शिक्षिका होण्याचे शिक्षण मिळे.

अंध मुलींची वेगळी सोय होती. मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. टोपल्या आणि वेतकाम यांत त्या तरबेज झाल्या. ज्यांना घरी ओझे मानले गेले असते, त्या स्वतः कमावू लागल्या.

सर्वांत नवल वाटते ते छापखान्याचे. उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी मूळ भाषांवरून केले. स्वतः संस्कृतच्या पंडिता असून त्यांनी मुद्दाम सोपी मराठी वापरली, कारण वाचणाऱ्या खेड्यातल्या बायका होत्या. हे पुस्तक बाहेर छापायला दिले नाही. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालवणे, पाने दुमडणे आणि बांधणी, सर्व मुक्तीतल्या मुलींनी आणि बायकांनी केले. आजच्या संगणकाच्या मुलांसाठी सांगायला हवे, की त्या काळी प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असे आणि त्यावर अक्षर उलटे असे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त. काही वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्या मुली मराठीच काय, हिब्रू आणि ग्रीक अक्षरेही जुळवू लागल्या होत्या.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाचे निधन झाले. जिने हे काम पुढे न्यायचे तीच गेली. तरी रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

सुट्टीत करून पाहा

नुसते वाचून रमाबाई कळणार नाहीत, म्हणून त्यांच्या शाळांशी नाते असलेले चार उद्योग देत आहोत. मुलींनी करावेत आणि मुलग्यांनीही. सामान घरातलेच आहे.

१. वाटाणे आणि हीर : सुके वाटाणे रात्रभर भिजत घाला आणि सकाळी फडक्यावर तासभर कोरडे करा. माडाच्या चुडतातले हीर काढून बोटभर लांबीचे तुकडे करा. हिराचे टोक वाटाण्यात खोचून आधी त्रिकोण करा, मग चौकोन. चौकोन हाताने दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. घराच्या छपराला त्रिकोणी कैची का असते ते आता वडिलांना सांगा. वाटाणे वाळले की आकार घट्ट होतात.

२. चुडताचे विणकाम : माडाच्या पात्या हिरापासून सोडवून सारख्या रुंदीच्या आठ पट्ट्या उभ्या ठेवा. नववी पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी आडवी घाला. दहावी त्याच्या उलट. चार ओळी झाल्या की आजीला दाखवा. पावसाळ्यापूर्वी घराभोवती लावायची चुडताची मल्ले विणणारी पिढी अजून आपल्या वाड्यावाड्यांवर आहे. तिच्याकडून पुढचे शिका. शिक्षक शोधायला लांब जावे लागणार नाही.

३. बोटांनी वाचन : ब्रेलच्या एका घरात सहा टिंबे असतात, दोन उभ्या रांगा आणि प्रत्येकीत तीन. डाव्या रांगेतले फक्त वरचे टिंब म्हणजे अ. डाव्या रांगेतले वरचे आणि खालचे म्हणजे क. जाड पुठ्ठा मऊ कापडावर ठेवून बोथट खिळ्याने मागच्या बाजूने टोचा. मागून टोचताना उजवीकडून डावीकडे जावे लागते, हे विसरू नका. मग डोळे मिटून मित्राने लिहिलेले अक्षर ओळखा. पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. मुक्तीतल्या मुलींनी किती चिकाटी धरली असेल ते मग समजेल.

४. बटाट्याचा छापखाना : अर्धा बटाटा घ्या आणि मोठ्या माणसाला जवळ बसवून त्यावर आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरा. अक्षर उलटे कोरायचे आहे, आरशात दिसते तसे. रंग लावून कागदावर उमटवा. सरळ आले तर तुम्ही चांगले जुळारी आहात.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी

मुलगा किंवा मुलगी हस्तकलेत रमली की आपल्यापैकी अनेकांना वेळ फुकट गेल्यासारखे वाटते. गणिताची शिकवणी तेवढी खरी, कार्यानुभवाचा तास म्हणजे अभ्यास बुडाला, अशी आपली समजूत. दहावीचे वर्ष आले की तो तास पहिल्यांदा कापला जातो. रमाबाईंनी मुलींना कामाला लावले ते अभ्यासाला पर्याय म्हणून नव्हे. त्यांच्याकडे एकच मुलगी सकाळी शाळेत बसे आणि दुपारी माग चालवी, आणि तीच पुढे शिक्षिकाही होई. हाताला काम येते त्या मुलीला कुणाच्या दाराशी उभे राहावे लागत नाही, हे त्या स्वतःच्या भुकेतून शिकल्या होत्या.

आपल्या गावात माडाचे काम जाणणारे आहेत, चतुर्थीला मातीच्या मूर्ती करणारे आहेत, माटोळी बांधणारे आहेत, शिवणकाम करणाऱ्या आया आहेत. महिन्यातून एक दिवस यांपैकी एकाला शाळेत बोलवावे आणि मुलांनी त्यांच्यासमोर बसून ते काम करावे, असे आम्ही विश्वस्त मंडळाला सुचवू इच्छितो. खर्च फारसा नाही. एक रिकामी खोली आणि दोन तास पुरेत.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत जे काही कराल ते जूनमध्ये शाळेत घेऊन या. वाटाण्याचे घर वाटेत मोडले तरी चालेल, इथे बसून पुन्हा जोडू.